रिबॅकिंग केल्यानंतरही सांधा पुन्हा का फाटतो?

जुन्या कातडी बांधणीच्या पुस्तकाचा कणा नव्या कातड्याने मढवला (यालाच रिबॅकिंग म्हणतात), मूळ कण्याचा सोनेरी अक्षरांचा तुकडा त्यावर नीट बसवला, रंगही जुळून आला, आणि तरीही काही वेळा उघडमीट झाल्यावर पुढच्या पुठ्ठ्यालगत, म्हणजे पुठ्ठा आणि कणा जिथे जुळतात त्या सांध्यावर, वरच्या टोकापासून बारीक चीर सरकू लागते. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, पण पुठ्ठा हाताला सैल लागतो. कधी कातडे शाबूत असते आणि आतला अस्तराचा कागद मात्र सांध्याच्या रेषेवर फाटलेला असतो. अशा वेळी पहिला संशय कातड्यावर किंवा खळीवर घेतला जातो, आणि तेच काम थोडे जाड कातडे घेऊन त्याच पद्धतीने पुन्हा केले जाते. तेही फाटते, कारण बहुतेक वेळा मूळ बिघाड कातड्याच्या खाली असतो आणि नवे कातडे त्याला फक्त झाकते.

दोऱ्यांवर शिवलेल्या पुस्तकात सांध्यावरून तीन गोष्टी जातात. शिलाईच्या जाड दोऱ्या कण्यावरून निघून पुठ्ठ्यात ओवलेल्या असतात; त्यांच्या आतल्या बाजूने अस्तराचा कागद किंवा कापड जाते; आणि सर्वांत बाहेर कातडे असते. पुठ्ठ्याला धरून ठेवण्याचे मुख्य काम दोऱ्यांचे आहे. कातड्याने त्यांना साथ द्यावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. दोऱ्या तुटलेल्या असताना नुसते कातडे बदलणे म्हणजे बिजागरी निखळलेल्या दाराला कापडाची पट्टी चिकटवणे होय.

चीर कुठे आहे ते आधी पाहा

पुस्तक फोमच्या उतारावर किंवा दोन्ही बाजूंना आधार देऊन ठेवा, पुठ्ठा काटकोनापर्यंतच उघडा आणि त्याला कण्याच्या लांबीच्या दिशेने अगदी हलके वरखाली सरकवून पाहा. दोऱ्या धड असतील, तर पुठ्ठा उघडेल आणि मिटेल, पण असा सरकणार नाही. तो सरकला, तर निम्म्याहून अधिक दोऱ्या गेलेल्या आहेत असे समजून पुढे जावे. वर आणि खाली चीर असूनही पुठ्ठा घट्ट असेल, तर दोष कातड्यात, ते तासण्यात किंवा वाळवण्यात शोधावा. चीर सांध्याच्या रेषेत नसून पुठ्ठ्यावर, जुन्या कातड्याची कड जिथे उचलून नवे कातडे आत सरकवले होते तिथे असेल, तर तो चिकटण्याचा प्रश्न आहे. आणि पुस्तक मधोमध उघडल्यावर पाने सपाट पडत नसतील, वाचणाऱ्याला ती हाताने दाबून धरावी लागत असतील, तर सांध्याकडे पाहण्याआधी कण्याकडे पाहावे.

ही तपासणी करताना आधीच्या दुरुस्तीत कोणता चिकट पदार्थ वापरला आहे हेही कळून घ्यावे. जुना सरस कडक, ठिसूळ आणि पिवळट तपकिरी असतो. ओलाव्याने तो मऊ होतो. पांढरा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा कृत्रिम गोंद) वाळल्यावर रबरासारखा चिवट राहतो आणि पाण्याने विरघळत नाही, त्यामुळे तो काढताना कागदाचे तंतू सोबत निघण्याची भीती असते. आधीच्या माणसाने कण्यावर पीव्हीए भरभरून लावलेला असेल, तर पुढचे सगळे काम दुप्पट जपून करावे लागते. जुन्या पुस्तकांच्या कण्यावर तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुटलेल्या दोऱ्या

हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे आणि सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षिले जाणारेही. दोरी सांध्यावर वर्षानुवर्षे एकाच जागी वाकत राहते आणि तिचे तंतू एकेक करून तुटतात. त्यातच अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या अनेक स्वस्त बांधणींत खर्च वाचवण्यासाठी सगळ्या दोऱ्या पुठ्ठ्यात ओवलेल्याच नसत, तर काही कण्याच्या कडेलाच कापून टाकलेल्या असत. म्हणजे कण्यावर दोऱ्यांच्या पाच उंचवटेदार पट्ट्या दिसणाऱ्या पुस्तकात प्रत्यक्ष भार तीनच दोऱ्यांवर असू शकतो.

उपाय निवडताना पुस्तकाचे वजन आणि मूळ बांधणी किती शाबूत आहे या दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या दोरीचा बुंधा धड असेल, तर तिला नवी लिननची (जवसाच्या तंतूंची) दोरी जोडता येते: जुन्या दोरीची टोके उलगडून, नव्या दोरीचे तंतूही मोकळे करून, दोन्ही एकमेकांत मिसळून खळीने चिकटवतात आणि बारीक धाग्याने गुंडाळतात. मग ती नवी दोरी मूळ छिद्रांतून किंवा त्यांच्या शेजारून पुठ्ठ्यात ओवतात. ही पद्धत वेळखाऊ आहे. पण मूळ रचनेला सर्वांत जवळची आहे आणि जड पुस्तकाला ती पेलते.

दोरी खांद्यापाशीच गेलेली असेल, तर जोड देण्याजोगे काही उरत नाही. तेव्हा सांध्याला धाग्याचे टाके घालण्याची पद्धत उपयोगी पडते: खांद्यातून, म्हणजे कण्याच्या कडेला वळलेल्या जुजांतून (दुमडून एकत्र शिवलेल्या पानांच्या गड्ड्यांतून), तिरके छिद्र पाडून लिननचा धागा बाहेर काढायचा, तो पुठ्ठ्याच्या कडेतल्या छिद्रातून नेऊन आतल्या बाजूला गाठ मारायची किंवा टोके उलगडून चिकटवायची. रॉबर्ट एस्पिनोसा आणि पामेला बॅरिओस या ग्रंथसंवर्धकांनी ही पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती पुढे संवर्धन कार्यशाळांमध्ये रुळली. ती करताना एक दक्षता आवश्यक आहे: खांद्यावरचा कागद ठिसूळ असेल, तर धागा त्याला सुरीसारखा कापत जातो. पहिले जुज दुमडून पाहावे. कागद दुमडताच तुटत असेल, तर टाक्यांचा विचार सोडून द्यावा.

अशा पुस्तकाला कण्यावर चिकटवलेल्या कापडाचा किंवा मजबूत जपानी कागदाचा आधार अधिक मानवतो. कण्याच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना वाढवलेली ही पट्टी आधी खळीने कण्यावर बसते आणि तिचे बाहेर आलेले पंख पुठ्ठ्यावरच्या उचललेल्या कातड्याखाली किंवा आतून अस्तराच्या कागदाखाली जातात. पुठ्ठ्याची कड जाड असेल, तर ग्रंथसंवर्धक क्रिस्टोफर क्लार्कसन यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे त्या कडेत तिरकी खाच पाडून पंख त्या खाचेत बसवता येतात, ज्यामुळे कातडे आणि अस्तर दोन्ही फारसे उचलावे लागत नाहीत. खाच हाताने पाडणे मात्र सोपे नाही; पातळ पुठ्ठ्यावर तिचा प्रयत्न करू नये, कारण पुठ्ठा थरांत सुटतो.

कोणतीही पद्धत घेतली तरी एक नियम पाळावा: नवे कातडे चढवण्यापूर्वीच पुठ्ठा स्वतःच्या जोडणीवर उभा राहिला पाहिजे. पुस्तक आधार देऊन किंचित उचलल्यावर पुठ्ठा खाली लोंबत असेल, तर कातड्याला हात लावू नये.

कणा वाकत नसेल तर

हे कारण ओळखायला अवघड आहे, कारण सांधा फाटतो आणि दोष मात्र दोन बोटे दूर असतो. पुस्तक उघडते तेव्हा कण्याने थोडे उलट्या दिशेने वाकायचे असते. आधीच्या दुरुस्तीत जुन्या सरसावरच नवा सरस, त्यावर जाड कागदाचे दोन-तीन थर आणि वर घट्ट चिकटवलेले कातडे असा कडक कवचासारखा कणा तयार झाला असेल, तर त्याला वाकताच येत नाही. मग वाकण्याची सगळी क्रिया पहिल्या आणि शेवटच्या जुजापाशी, म्हणजे नेमकी सांध्याच्या रेषेवर, एकवटते. वाचणारा पाने दाबतो, पुठ्ठा मागे ढकलला जातो, आणि पाच-दहा मिलिमीटर रुंदीत पसरायला हवा असलेला ताण एका रेषेवर येतो.

यावर उपाय म्हणजे कणा मुळापर्यंत मोकळा करणे. जुना सरस काढण्यासाठी घट्ट मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात कालवल्यावर जेलीसारख्या होणाऱ्या पदार्थाचा) किंवा गव्हाच्या खळीचा जाडसर लेप कण्यावर देऊन वर प्लास्टिकची पातळ फिल्म ठेवावी. दहा-वीस मिनिटांत सरस फुगून मऊ होतो आणि लाकडाच्या किंवा हाडाच्या बोथट पट्टीने खरवडून निघतो. एकाच वेळी सगळा काढण्याचा हट्ट धरू नये. लेप पुन्हा द्यावा, पण कागद भिजू देऊ नये, कारण ओला झालेला जुजाचा घडीचा भाग पट्टीबरोबर सोलून येतो. कणा मोकळा झाला की त्याचा गोलावा आणि खांदे पुन्हा बसवून घेण्याची हीच संधी असते. दोन पाट्यांमध्ये पुस्तक धरून, कणा किंचित ओलसर असताना बोटांनी आणि पट्टीने हळूहळू आकार द्यावा.

नंतरचे पहिले अस्तर पातळ जपानी कागदाचे आणि खळीनेच चिकटवलेले असावे, म्हणजे पुढे कोणाला ते काढायचे असल्यास पाण्याने निघेल. त्यावर पुस्तकाच्या जाडीप्रमाणे एखादा थर कापडाचा द्यावा आणि तिथेच थांबावे. पुस्तक उघडून, पाने किती सपाट पडतात ते पाहून पुढचा थर द्यायचा की नाही हे ठरवावे. ठरावीक थरांची सवय इथे उपयोगाची नाही.

कातडे सरळ कण्यावर चिकटवायचे की मध्ये कागदाची पोकळ नळी ठेवायची, हा वाद जुना आहे. नळीची एक बाजू कण्याला आणि दुसरी कातड्याला चिकटते, त्यामुळे पुस्तक उघडताना कणा एकीकडे वाकतो, कातडे दुसरीकडे राहते, आणि सोनेरी नक्षी असलेला मूळ कण्याचा तुकडा चुरगळत नाही. मात्र मूळ बांधणी घट्ट कण्याची असेल, तर नळीमुळे तिचे स्वरूप बदलते, आणि खूप जड पुस्तकात कण्याला कातड्याचा मिळणारा आधारही जातो. मूळ कणा ठिसूळ आणि जपण्याजोगा असेल, तर मी नळीच्या बाजूने कौल देतो. मूळ कणा उरलाच नसेल, तर घट्ट कणा ठेवण्यास हरकत नाही.

कातडे आणि ते तासणे

दोऱ्या धड, कणा लवचीक आणि तरीही चीर, असे असेल तर कातडे हातात घ्यावे. कातड्याचे बळ त्याच्या आतल्या, मांसाकडच्या थरात असते. तिथे तंतूंची वीण दाट असते. बाहेरचा दाणेदार थर दिसायला सुरेख, पण ओढ सहन करण्यात कमी. कातडे तासताना आपण नेहमी आतली बाजू कापतो, म्हणजे नेमके बळ काढून टाकतो. कडांना कागदासारखे पातळ करणे आवश्यक असते, कारण ती कड जुन्या कातड्याखाली जाणार असते. पण तोच पातळपणा सांध्याच्या रेषेपर्यंत ओढला, तर उरतो तो जवळजवळ नुसता दाणेदार थर, आणि तो पहिल्या वाकण्यालाच तडकतो. याच्या उलट, जाड कातडे वाकताना त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर अधिक ताण येतो, म्हणून जाडी वाढवणे हाही उपाय नव्हे. सांध्यापाशी जाडी मध्यम आणि दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर एकसारखी ठेवावी, आणि उतार पुठ्ठ्यावर पुरेसा पुढे गेल्यावरच सुरू करावा. रापीचा एखादा घाव सांध्याशी समांतर खोल गेला असेल, तर चीर त्याच घावावर पडते; तासलेले कातडे उजेडासमोर धरले किंवा बोटांमध्ये दुमडून फिरवले की असा घाव लगेच कळतो.

कातडे निवडताना पोटाकडचा आणि पायांजवळचा सैल भाग टाळावा, कारण तो ओला असताना भरपूर ताणतो आणि वाळताना आखडतो. वासराच्या कातड्याची पोत जुन्या वासरू-बांधणीशी चांगली मिळते, पण तेवढ्याच जाडीत शेळीचे कातडे सांध्यावर अधिक टिकते. रंगसंगतीसाठी वासरूच हवे असेल, तर खालच्या कापडी पट्टीवर अधिक भिस्त ठेवावी. यंत्राने आधीच अगदी पातळ कापलेली कातडी सोयीची वाटतात. मी ती सांध्यासाठी घेत नाही.

बसवणे आणि वाळवणे

येथे दोन विरुद्ध दोष घडतात. पुठ्ठा खांद्याला घट्ट टेकवून, वरून ओले कातडे ताणून बसवले, की वाळताना ते आणखी आखडते आणि पुठ्ठा उघडायला जागाच उरत नाही. पहिल्यांदा जोर लावताच ते कडेवर तुटते. उलट कातडे सैल राहिले, तर सांध्यात घडी पडते आणि पुठ्ठा खाली सरकू लागतो. नव्या कातड्याची आणि खालच्या पट्टीची जाडी लक्षात घेऊन पुठ्ठा खांद्यापासून साधारण कातड्याच्या जाडीइतका मागे ठेवावा. खांद्याची उंची पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा कमी उरली असेल, तर पुठ्ठ्याची आतली कड टेकू बनते आणि प्रत्येक वेळी उघडताना बाहेरच्या कातड्याला तरफेसारखी ओढते. जुने बांधणीकार ही आतली कड किंचित तिरकी तासत, ती याचसाठी.

कातड्याला खळीचा पहिला हात देऊन ते काही मिनिटे मुरू द्यावे, जादा खळ खरवडून काढावी आणि मग दुसरा हात देऊन बसवावे. पुठ्ठा आणि पाने यांच्यामध्ये फिल्म आणि शोषक कागद ठेवावेत, म्हणजे ओलावा पानांत उतरत नाही. बसवल्यावर लगेच पुठ्ठा काळजीपूर्वक काटकोनापर्यंत उघडून हाडाच्या पट्टीने कातडे सांध्यात अलगद उतरवावे आणि मग मिटून हलक्या वजनाखाली ठेवावे. पूर्ण वाळल्यावर प्रथमच उघडणे ही चूक फार नडते. कातडे जवळजवळ वाळलेले पण अजून जरासे ओलसर असताना पुठ्ठा सावकाश उघडावा. पहिले पान किंवा खांदा सोबत उचलला जात असेल, तर कातडे घट्ट झाले आहे, आणि ते ओलसर असतानाच सांध्यालगत पुन्हा भिजवून पुठ्ठा किंचित मागे घेता येतो. वाळून गेल्यावर ही संधी राहत नाही.

जुन्या कातड्याची लाल भुकटी

कड सुटण्याची तक्रार बहुधा इथून येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बांधणींचे कातडे बोटांना लाल भुकटी लावते, आणि त्यालाच रेड रॉट म्हणतात. कातडे कमावण्यासाठी वापरलेल्या काही वनस्पतिज द्रव्यांवर हवेतल्या गंधकयुक्त वायूंचा परिणाम होऊन त्यात आम्ल साठते आणि तंतू तुटत जातात. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कमावण्याची द्रव्ये, आम्ल आणि दिव्यांच्या गॅसचा धूर यांचा या ऱ्हासाशी असलेला संबंध मांडला होता. सुमाक या झुडपापासून मिळणाऱ्या द्रव्यासारख्या द्रव्याने कमावलेले कातडे अधिक टिकते, हेही त्यातून पुढे आले.

अशा कातड्याखाली नवे कातडे खळीने चिकटवले, तर खळ भुकटीला चिकटते, कातड्याला चिकटत नाही, आणि सगळी कड पापुद्र्यासारखी वर येते. शिवाय खळीतले पाणी लागताच हे कातडे काळे पडते आणि आखडून कडक होते. तो डाग परत फिरवता येत नाही. म्हणून सुरी लावण्यापूर्वी त्याला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचे, म्हणजे बाजारात क्लुसेल जी या नावाने मिळणाऱ्या पदार्थाचे, इथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉलमधले सुमारे १ ते २ टक्क्यांचे द्रावण मऊ कुंचल्याने द्यावे आणि पूर्ण वाळू द्यावे. त्याने भुकटी बांधली जाते. आम्ल जात नाही आणि गेलेले बळही परतत नाही, हे लक्षात ठेवून ती कड उचलावी. उचललेल्या कडेची आतली बाजूही याच द्रावणाने बांधून घ्यावी, मग घट्ट, कमी पाण्याची खळ पातळ लावावी. कडेला आधार कमी वाटत असेल, तर तिच्या आतून जपानी कागदाचा अगदी पातळ थर आधी बसवावा.

मूळ कणा परत बसवताना त्याची रुंदी तपासावी. तो सांध्यावर ओलांडून गेलेला असेल, तर ठिसूळ जुने कातडे नव्या कातड्याच्या वाकण्याला अडवते आणि दोन-चार उघडण्यांत त्याच्या कडा तुटून पडतात. कडा सांध्याच्या अलीकडेच थांबतील इतक्या नेमक्या कापाव्यात. मूळ कातडे कापायला मन धजत नाही हे खरे. पण न कापता ते तिथे टिकत नाही, आणि कापलेल्या पट्ट्या पाकिटात घालून पुस्तकासोबत ठेवता येतात.

कातड्याला तेल किंवा मलम लावून सांधा मऊ करण्याचा सल्ला अजून दिला जातो. गुरांच्या पायांपासून काढलेले नीट्सफूट तेल आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ) यांचे मिश्रण विसाव्या शतकात ग्रंथालयांत सर्रास वापरले गेले. त्याने तुटलेले तंतू जुळत नाहीत, डाग आणि चिकटपणा मात्र राहतो, आणि तेल मुरलेल्या कातड्यावर पुढे खळ धरत नाही. आधी तेल लावलेले पुस्तक दुरुस्तीला आले, तर कड चिकटण्याची खात्री आपण देऊ शकत नाही, हे मालकाला आधीच सांगावे.

कातडे नकोच, अशी पुस्तके

पुठ्ठ्यावरचे जुने कातडे उचलता येण्याजोगे नसेल, किंवा पुस्तक छोटे आणि हलके असेल, तर कातड्याचा सांधा करण्याचे कारणच उरत नाही. ग्रंथसंवर्धक डॉन एथरिंग्टन यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीप्रमाणे लांब तंतूंच्या जपानी कागदाची पट्टी अॅक्रिलिक रंगाने कातड्याच्या रंगाची करून सांध्यावरून बाहेरून बसवता येते, आणि आतूनही तशीच एक पट्टी दिल्यास बेताच्या वजनाचा पुठ्ठा चांगला धरून राहतो. कड उचलावी लागत नाही, मूळ कणा जागचा हलत नाही, आणि पुढे गरज पडल्यास ती पट्टी काढताही येते. मोठ्या आणि जाड ग्रंथांना ती एकटी पुरत नाही. त्यांना तिच्याखाली धाग्याचे टाके किंवा कापडाची पट्टी हवीच.

जड ग्रंथ उभा ठेवल्यावर पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यांच्या मध्ये लोंबतो, कारण पुठ्ठे पानांपेक्षा थोडे मोठे असतात आणि खाली गठ्ठ्याला टेकायला काही नसते. हा भार रात्रंदिवस सांध्याच्या वरच्या टोकावर राहतो, आणि चीर बहुधा वरूनच का सुरू होते याचे हेही एक कारण आहे. दुरुस्तीनंतर असा ग्रंथ आडवा ठेवावा, किंवा उभा ठेवायचाच असेल तर पुठ्ठ्यांच्या वाढीव कडांइतक्या जाडीचा आधार पानांच्या खाली येईल अशी पेटी त्याला करून द्यावी.